ब्रश घेताना पाकीट नाही, केसाचं टोक बघा

आमच्या बाथरूममधल्या स्टीलच्या पेल्यात एकाच जोडपाकिटातून निघालेले दोन ब्रश उभे असतात. आईचा तीन महिन्यांनीही जवळपास नवा दिसतो. बाबांचा पाचव्या आठवड्यातच जुन्या केरसुणीसारखा चहूकडे पसरलेला असतो. बाबा म्हणतात, हल्लीचे ब्रशच भिकार. आई म्हणते, "दात घासता की तवा?"

दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. केस कशाचे आहेत याने फरक पडतोच. पण पाकिटावर ज्याचा गाजावाजा असतो तो फरक बहुतेक वेळा बिनमहत्त्वाचा असतो, आणि खऱ्या फरकाबद्दल पाकीट गप्प बसतं. केसाची जाडी किती, टोक कसं घासलंय आणि पाण्यात भिजल्यावर तो ताठ राहतो का, या तीन गोष्टी ब्रश घेताना आणि वापरताना कशा तपासायच्या ते पुढे सांगतो. सगळ्या गोष्टी घरी करता येतात. एका पायरीला फोनचा कॅमेरा लागेल, एकीला स्वयंपाकघरातला वजनकाटा.

आधी काढायचंय काय, ते डोळ्यांनी बघा

सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, तो प्लाक. जिवाणू आणि त्यांनीच तयार केलेला चिकट पदार्थ यांचा हा थर इतका मऊ असतो की नखाने खरवडून निघतो. म्हणूनच तो काढायला ताकद लागत नाही. लागतं ते केसाचं टोक त्याच्यापर्यंत पोचणं. नुसती चूळ भरून मात्र तो जात नाही, कारण तो दाताला धरून बसलेला असतो.

हाच थर काही दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात साचून त्याचं किटण होतं. किटण दगडासारखं घट्ट असतं आणि कुठल्याच ब्रशने निघत नाही. ते डेंटिस्टकडेच काढून घ्यावं लागतं. कडक ब्रशने जोर लावून किटण काढायला जाणं हा फार जुना आणि फार वाईट गैरसमज आहे. किटण जागच्या जागी राहतं, हिरडी सोलवटते.

प्लाक नेमका काय करतो, हे १९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली. ब्रशकडून आपल्याला एवढंच काम हवंय: तो थर रोज मोडायचा, साचू द्यायचा नाही.

आता तुमचा थर कुठे साचतो ते शोधा. प्लाक रंगवणाऱ्या डिस्क्लोजिंग गोळ्या मिळतात. एक चावायची, लाळेबरोबर तोंडभर फिरवायची, थुंकायची आणि हलकी चूळ भरून आरशात बघायचं. गोळी नसेल तर पाण्यात खायच्या लाल रंगाचे चार थेंब टाकून अर्धा मिनिट गुळण्या केल्या तरी बऱ्यापैकी अंदाज येतो. आधी ओठांना व्हॅसलीन लावा आणि जुना शर्ट घाला. बेसिनवर पडलेला रंग लगेच धुवा, नाहीतर घरात वेगळाच विषय निघेल. हे रात्री, नेहमीसारखे दात घासून झाल्यावर करा. गुलाबी-लाल पट्टे बहुतेकांना तीन ठिकाणी दिसतात: खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, दाढांच्या हिरडीलगत आणि दोन दातांच्या फटींत. एक फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येईल.

केस कशाचे आहेत

फेब्रुवारी १९३८ पर्यंत ब्रश म्हणजे डुकराच्या राठ केसांचा. त्या महिन्यात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या नायलॉनचे केस लावलेला 'डॉ. वेस्ट्स मिरॅकल टफ्ट' बाजारात आला. नायलॉनचे मोजे लोकांच्या पायांत येण्याआधी नायलॉनचा ब्रश तोंडात गेला होता.

डुकराच्या केसात मूळ अडचण अशी की प्रत्येक केसाची जाडी निराळी. शिवाय टोक फाटलेलं किंवा तिरकं, केस आतून सच्छिद्र, त्यामुळे पाणी धरून ठेवणारा, उशिरा वाळणारा आणि जिवाणूंना सोयीचा. हे केस आजही 'नॅचरल' म्हणून, बहुतेक वेळा बांबूच्या दांड्यासोबत, विकले जातात. पाकिटावर इंग्रजीत 'बोअर ब्रिसल' लिहिलेलं असेल तर ते रानडुकराचे किंवा डुकराचे केस. शाकाहारी घरांत आणि मुस्लीम घरांत हे कळल्यावर ब्रश थेट कचऱ्यात जातो. पण खाण्यापिण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दातांच्या दृष्टीने मी हा ब्रश कुणाला घ्यायला सांगणार नाही.

आज दुकानात दिसणारे जवळपास सगळे ब्रश नायलॉनचे किंवा पीबीटीचे असतात. पीबीटी म्हणजे पॉलिएस्टरच्या घराण्यातलं एक प्लास्टिक. दोघांतला खरा फरक पाणी शोषण्याचा आहे. नायलॉनचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. साधं 'नायलॉन ६' पूर्ण भिजलं तर वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी पितं. चांगल्या ब्रशांत वापरलं जाणारं नायलॉन ६१२ सुमारे ३ टक्के, आणि पीबीटी अर्धा टक्का. पाणी प्यायलेला केस मऊ पडतो, वाकतो आणि परत सरळ व्हायला वेळ लावतो. म्हणून स्वस्त ब्रश पहिल्या मिनिटाला बरा वाटतो आणि दुसऱ्या मिनिटाला लोळायला लागतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ब्रश दोन घासण्यांच्या मधे धड वाळतच नाही, तेव्हा हा फरक जास्त जाणवतो.

मग पीबीटीच घ्यावा का? तसंही नाही. नायलॉन वाकल्यावर परत उभं राहण्यात पटाईत असतं. नायलॉन ६१२ चा नीट बनवलेला ब्रश पीबीटीच्या ब्रशाइतकाच चांगला. पाकिटावर नुसतं 'नायलॉन' लिहिलेलं असतं, कोणतं ते बहुधा नसतंच, त्यामुळे परीक्षा आपल्यालाच घ्यावी लागते.

बाकीची नावं झटपट उरकतो. 'चारकोल' ब्रश म्हणजे केसात कोळशाची पूड मिसळलेली. ती प्लास्टिकच्या आत अडकलेली असते, दातावर येऊन काही शोषून घेत नाही. काळा रंग आवडत असेल तर घ्या. 'एरंडेलापासून बनवलेले' केस ही बरीचशी खरी गोष्ट आहे. एरंडेलातून निघणाऱ्या सेबॅसिक आम्लापासून नायलॉन ६१० आणि १०१० बनतं, आणि जगातला सगळ्यात जास्त एरंड आपल्या शेजारी गुजरातेत पिकतो. पण वनस्पतीपासून बनलं म्हणजे मातीत कुजतं असं नाही. ते शेवटी नायलॉनच. सिलिकॉनचे मऊ दाणे असलेला बोटात घालायचा ब्रश तान्ह्या बाळाच्या हिरड्या पुसायला आणि पहिल्या दातांची सवय लावायला छान. मोठ्यांच्या दातांवर मात्र ते जाड दाणे फटींत आणि हिरडीच्या कडेला पोचतच नाहीत.

जाडीचं गणित

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि दुकानात कुणी हे सांगत नाही.

सॉफ्ट ब्रशचे केस साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीचे असतात. मीडियम त्याहून जाड, हार्ड ०.३ च्या पुढे. आकडे जवळजवळचे वाटतात, पण केसाचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट केली तर एक केस सोळापट ताठ होतो. ०.१५ वरून ०.२० वर गेलात तरी तिपटीहून जास्त. लांबीचा हिशेब उलटा: केस आखूड केला की तो ताठ होतो, तोही झपाट्याने. १२ मिलिमीटरचा केस १० वर आणला तर ताठरपणा पावणेदोन पटीच्या आसपास जातो. म्हणून दोन कंपन्यांचे 'सॉफ्ट' हाताला इतके वेगळे लागतात. एकाचा केस बारीक पण आखूड, दुसऱ्याचा जाड पण लांब. शिवाय केसांचे झुबके किती दाट भरलेत हे आलंच, कारण दाटीत केस एकमेकांना टेकू देतात.

स्विस कंपनी क्युराप्रॉक्सच्या ५४६० नावाच्या ब्रशात नावाप्रमाणे ५,४६० केस असतात, प्रत्येकी ०.१ मिलिमीटर, पॉलिएस्टरचे. एकेक केस रेशमासारखा, पण गर्दी एवढी की ब्रश लोळत नाही. असा ब्रश पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटतं, याने काय घासलं जाणार! दोन मिनिटांनी जीभ फिरवली की उत्तर मिळतं.

आता कडक ब्रशच्या बाजूने प्रामाणिकपणे बोलायचं तर, काही चाचण्यांत हार्ड ब्रशने मऊपेक्षा थोडा जास्त प्लाक निघाल्याचं दिसलंय. पण त्याच लोकांच्या हिरड्यांवर ओरखडेही जास्त सापडले. प्लाक उद्या पुन्हा बसणारच आहे, उद्या पुन्हा काढता येतो. एकदा खाली सरकलेली हिरडी ब्रश बदलून वर येत नाही. मूळ उघडं पडतं, गार पाणी लागलं की दात आंबतात आणि दाताच्या गळ्याशी खाच पडायला लागते. म्हणून माझा कौल सॉफ्ट. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा दात काढून, शस्त्रक्रिया होऊन काही दिवसच झाले असतील तर डॉक्टरांना विचारून एक्स्ट्रा सॉफ्ट. हार्ड ब्रश मला एकाच जागी पटतो: कवळीवर, तोंडाबाहेर काढून. तिथेही टूथपेस्ट नको. कवळीचं अ‍ॅक्रिलिक दातापेक्षा मऊ असतं, पेस्टने त्यावर चरे पडतात. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात.

आणि मऊ ब्रशलाही देव मानू नका. दाताचं वरचं कवच नायलॉनपेक्षा खूप कठीण असतं, नुसत्या केसाने ते झिजत नाही. झिजवते ती पेस्टमधली किंवा मंजनातली पूड. मऊ केस वाकून दातावर जास्त जागा व्यापतात आणि पेस्टही जास्त धरून ठेवतात, त्यामुळे उघड्या पडलेल्या मुळांवर खरखरीत पेस्ट आणि मऊ ब्रश ही जोडीसुद्धा त्रास देऊ शकते. गेरू घातलेली लाल मंजनं आणि कोळशाच्या पुडी मुळं उघडी पडलेल्यांनी टाळाव्यात. आजीच्या काळची राखुंडीही त्यातलीच. बोटाने घासली तरी ती पॉलिशपेपरचंच काम करते.

टोक: फोन काढा

प्लाक केसाच्या पोटाने निघत नाही, टोकाने निघतो. आणि हिरडीला जखम होते तीही टोकानेच. नायलॉनची तार कापली की कापलेल्या कडा धारदार राहतात. चांगला कारखाना ती टोकं घासून गोल करतो. वाईट कारखाना करत नाही, आणि पाकिटावरून दोन्ही सारखेच दिसतात.

नवा ब्रश उजेडात धरा, फोनचा कॅमेरा मॅक्रोवर (अगदी जवळचं टिपायच्या सोयीवर) घ्या किंवा लेन्सला साधं भिंग लावा, आणि कडेचे केस नीट बघा. गोल टोकं काडेपेटीच्या काडीच्या गुलासारखी दिसतात. कापलेली टोकं सपाट किंवा तिरकी, कधी शिंगासारखा एक कोपरा वर आलेला. सगळीच टोकं गोल निघतील ही अपेक्षा नको, चांगल्या ब्रशातही काही चुकार असतात. पण निम्म्याहून जास्त सपाट असतील तर मी तो ब्रश बेसिन घासायला देतो. फोन नसेल तर केसांची टोकं मनगटाच्या आतल्या कातडीवर अलगद फिरवा. टोचलं तर हिरडीलाही टोचणार.

तिसरा प्रकार निमुळत्या टोकाचा, 'स्लिम' किंवा 'टेपर्ड' नावाने मिळणारा. हे बहुधा पीबीटीचे असतात, कारण त्या प्लास्टिकची टोकं रसायनात बुडवून विरघळवत सुईसारखी करता येतात. बारीक टोक फटीत आणि हिरडीच्या कडेखाली थोडं जास्त आत जातं. हिरड्या नाजूक असणाऱ्यांना हे आवडतात. पण दाढेच्या सपाट माथ्यावर तेवढा जोर येत नाही आणि जोरात घासणाऱ्याच्या हातात ते लवकर वाकतात. बाबांसाठी नव्हे.

भिजवून बघा

नवा ब्रश कोरडा असताना अंगठ्याने केस एका बाजूला दाबा आणि सोडा. मग तो साध्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि पुन्हा तेच करा. चांगला ब्रश किंचित मऊ लागेल, पण सोडल्याबरोबर उभा राहील. हलक्या दर्जाचा ब्रश दाबलेल्या बाजूला मान टाकून बसेल. तो दोन मिनिटांच्या घासण्यात हिरडीलगत टोक पोचवूच शकणार नाही, पोटानेच सरकत राहील.

त्याच कारणाने घासण्याआधी ब्रश गरम पाण्यात धरू नये. केस ढिले पडतात. ब्रश 'निर्जंतुक' करायला उकळत्या पाण्यात टाकणाऱ्यांचे ब्रश तर लवकर वेडेवाकडे होतात. नळाखाली खळखळून धुवून, झटकून, डोकं वर करून उघड्यावर उभा ठेवला की पुरे. प्लास्टिकची टोपी प्रवासापुरती. घरी टोपी घातली की आत दमट राहतं.

आता हात

अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स बास यांनी १९४८ साली ब्रश आणि घासण्याची पद्धत दोन्ही मांडली. ब्रशसाठी त्यांनी ०.००७ इंच, म्हणजे ०.१८ मिलिमीटरच्या आसपासचे गोल टोकांचे नायलॉनचे केस सुचवले होते. आजचा चांगला सॉफ्ट ब्रश तिथेच आहे. पद्धतही थोड्या बदलाने तीच शिकवली जाते.

ब्रश दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे ४५ अंशांत टेकवा, टोकं हिरडीच्या दिशेने. जागच्या जागी अगदी छोटे, थरथरल्यासारखे हेलकावे द्या, एका जागी दहाएक. मग दाताच्या टोकाकडे झाडून घ्या आणि पुढच्या दोन दातांवर जा. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश उभा धरा. दाढांच्या माथ्यावर पुढेमागे चालतं. एकूण दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, फ्लोराइडच्या पेस्टने. रात्रीचं चुकवू नका.

आणि जोर? स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ब्रश टेकवून नेहमीइतका दाब द्या. १५० ते २०० ग्रॅम भरपूर झाले. पेन्सिलीसारखा बोटांत धरला तर त्याहून जास्त दाब देणं अवघडच जातं. मुठीत धरला की काटा उड्या मारतो. आमच्याकडे बाबांनी काटा ४८० वर नेला आणि म्हणाले, काटा बिघडलाय. जास्त दाबलं की केस आडवा होतो, टोक दातावरून उठतं आणि पोट घासतं. म्हणजे मेहनत जास्त, काम कमी. ज्यांचा हात ऐकतच नाही त्यांच्यासाठी दाब वाढला की दिवा लावणारा विजेवरचा ब्रश हा चांगला उपाय आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात विजेवरच्या ब्रशने प्लाक तीन महिन्यांपर्यंतच्या वापरात ११ टक्के आणि त्याहून जास्त काळाच्या वापरात २१ टक्के कमी आढळला होता. पण तिथेही डोक्याचे केस सॉफ्टच घ्या.

दोन दातांच्या मधल्या भिंतीवर दात घासायच्या कुठल्याही ब्रशचा केस नीट पोचत नाही. फटी घट्ट असतील तर फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा धागा, मोकळ्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशासारखा दिसणारा चिमुकला इंटरडेंटल ब्रश. तो अलगद आत जाईल इतक्याच मापाचा घ्या, कोंबू नका.

दातवणाचं विचारतातच. कडुनिंब किंवा बाभळीची काडी चावून केलेले तंतू हे काही वाईट केस नाहीत, पण ते काडीच्या रेषेत सरळ पुढे निघतात. पुढच्या दातांवर ठीक, दाढांच्या आतल्या बाजूला वळवायचे कसे? आठवड्यातून एखादवेळ गावी गेल्यावर करा, ब्रशच्या जागी नको. मशेरी मात्र यात मोजूच नका. ती भाजलेली तंबाखू आहे, दात घासायची वस्तू नाही.

कधी टाकायचा

तीन-चार महिने हा नेहमीचा सल्ला आहे, पण त्याआधी केस पसरले तर त्याच दिवशी. वरून बघा: केस ब्रशच्या डोक्याच्या कडेबाहेर लोंबत असतील तर टोकांची दिशा गेली. ब्रश महिन्याभरात पसरत असेल तर नवा ब्रश घेण्याआधी काट्यावर हात तपासा. दांड्यावर मार्करने सुरुवातीची तारीख लिहून ठेवली की घरात वाद होत नाहीत. तारीख आली की पुन्हा एकदा प्लाक रंगवणारी गोळी चावून फोटो काढा आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवा. त्याच जागा लाल दिसल्या तर ब्रश नाही, हाताचा कोन बदला.

टाकताना एक काम राहतं. बांबूचा ब्रश कुंडीत पुरायचा असेल तर आधी पक्कडीने झुबके उपटून काढा. झुबक्याच्या बुडाशी बहुधा धातूची बारीक पट्टी असते, तीही निघेल. बांबू कुजेल, नायलॉन कुजणार नाही. प्लास्टिकचा ब्रश सायकलची साखळी, शिलाई मशीनचे दाते आणि मिक्सरच्या भांड्याचं बूड यासाठी अजून वर्षभर चालतो. फक्त दांड्यावर काळी खूण करून ठेवा.